आठावर

मिरजेच्या तांबोळी डॉक्टरांनी
रिपोर्टच्या पाठकोऱ्या बाजूला सोळा गोळे काढले,
एकाला एक चिकटून, उसाच्या पेरांसारखे.
म्हणाल्या, ही चरबीची एक साखळी.
पोट रिकामं झालं, रक्तातली साखर सरली
की पेशी हिला टोकाकडून तोडायला घेते.
एका वेळी दोन पेरं. एक नाही, तीन नाहीत.
सात घाव, आठ तुकडे,
आणि तुकडा पडला की चुलीत.

मग आठव्या गोळ्यापाशी पेन थांबलं.
तुमचा श्रेणिक इथवर तोडतो.
इथून पुढचा कोयता वेगळा असतो, बारीक.
तो त्याला जन्मतःच मिळाला नाही.

भरतेश सेंट्रिंगची कामं घेतो.
त्यानं विचारलं, आणि बांधायचं?
बांधणं येतं की, त्या म्हणाल्या, झकास येतं.
जास्तीचा भात, जास्तीचा गूळ,
यकृतात दोनाला दोन जोडत सोळा होतात.
दर जोडाला एक टेकू लावतात,
जोड बसला की टेकू काढतात,
तो श्वासावाटे बाहेर.
आणि बांधकाम चालू असेतोवर
तोडणाऱ्यांच्या खोलीचं दार बंद,
नाहीतर इकडे रचायचं, तिकडे पाडायचं.
भरतेश हसला, आमच्या साइटवर पाहिजे होतं असं दार.
त्या हसण्यावरून मी तीन दिवस बोलले नाही त्याच्याशी.

कारण तापातली ती रात्र माझ्या मांडीवर गेली होती.
दूध नको म्हणाला, मी म्हटलं झोपू दे.
पहाटे हाक मारली तर मान घरंगळली.
एवढ्या गुटगुटीत मांड्या.
भरल्या कणगीला टेकून उपाशी पडलेलं पोर.

नांद्र्यात आमच्या घरी
दिवेलागणीआधी ताटं धुऊन पालथी.
सूर्य बुडाला की आत्या पाणीसुद्धा घेत नाहीत,
एकोणचाळीस वर्षं झाली.
आणि मी रात्री दोनचा गजर उशीखाली दाबून
मक्याचं पांढरं पीठ गार दुधात कालवते,
कच्चंच, शिजवायचं नाही.
चमचा वाजू नये म्हणून
वाटीत कडेनं बोट धरते.
आत्या काही म्हणाल्या नाहीत कधी.
म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

भादव्यात त्यांनी दशलक्षणाचे दहा उपास धरले.
दिवसातून एकदा गरम पाणी, बस.
सातव्या दिवशी वेणी घालायला बसले
तर त्यांच्या श्वासाला वास,
टोपलीत विसरलेल्या पेरूसारखा.
पूर्वी नाक मुरडलं असतं.
आता तो वास मला वाचता येतो.
सोळा, चौदा, बारा, दहा,
मी मनात उतरत गेले, आणि आठ,
आठावरून त्या अशा निघून गेल्या
जशी नांद्रे स्टेशनवरून एक्सप्रेस जाते,
फलाटाकडे न बघता.
सहा. चार.
हात थरथरला, पेड सुटला.
काय गं, म्हणाल्या.
काही नाही.
मत्सर वाटला म्हणून कसं सांगायचं
सात दिवसांच्या उपाशी बाईला?

आठव्या रात्री वीज गेलेली, फोन मेलेला.
गजर वाजलाच नाही.
दाराबाहेर बांगड्या वाजल्या.
उंबऱ्यापलीकडे, खोलीकडे पाठ करून,
भिंतीला हात टेकून आत्या उभ्या होत्या.
दोन वाजून गेले, म्हणाल्या.

अंधारात दूध ओतलं, पीठ चाचपलं.
श्रेणिक झोपेतच गिळत राहिला,
मध्येच दातांनी चमचा पकडला.
आत्या तशाच उभ्या.
पेरूचा वास खोलीभर.

संपलं सगळं?
संपलं.

त्या वळल्या नाहीत.
जाता जाता म्हणाल्या,
बोट काढत जा वाटीतलं.
वाजू दे चमचा.
मी रोज जागीच असते.